छाट

अक्काचा फोन साडेनऊला येतो.
तिकडे ड्रेस्डेनला तेव्हा पाच, आणि अंधार.
विडी घरकुलात फोन धरून बसायचं काम माझं,
कारण अम्माचे हात मोकळे नसतात.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं,
आणि सकाळी ब्रँचला हजार द्यायच्यात.

गेली होती कापडाचं इंजिनिअरिंग शिकायला.
टॉवेलच्या ज्या मागांवर बाबांचे कान गेले
त्या मागांचं शास्त्र, कर्ज काढून.
आणि तिथं म्हणे चर्चच्या तळघरात
शनिवारी भरतनाट्यम शिकवतात.
बाई जाफन्याच्या. त्यांना तेलुगू येत नाही,
अक्काला तमिळ.
दोघी तुटक्या जर्मनमधून अरमंडीत बसतात.

इथं साखर पेठेत राहायचो तेव्हा
क्लासची पाटी होतीच की बोळाच्या तोंडाला.
डोक्यावर कट्ट्यांची पाटी घेऊन
रोज त्या पाटीखालून जायचो.
फी विचारायला अक्का कधी वर गेली नाही.
जिन्यापाशी चपलेचा अंगठा नीट करत
थांबायची जराशी.
वरून तै या तै.
मी म्हणायचे, चल की, ऊन लागतंय.

पहिल्या महिन्यात तिनं हात दाखवले.
हे कटकामुख. फूल खुडताना, हार ओवताना.
अम्मानं मान वर न करता विचारलं,
आणि पान धरताना?
मी अम्माच्या हाताकडे बघितलं.
अंगठा, दोन बोटं, मधे तेंदूचं पान,
उरलेली दोन वर,
कुणी न शिकवता.

मग एक पदम बसवलं. शब्द तेलुगू,
अर्थ इंग्रजीतून आलेला.
अक्का कुणाला तरी बोलावत होती,
मनगट फिरवून, डोळे अर्धे मिटून.
अम्मा म्हणाली, अशी हाक कोंबड्यांना मारतात.
माणसाला बोलवायचं तर आधी थांबायचं.
त्यानं बघितलं का, बघायचं. मग हात.
बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

यंदा दुसराही क्लास लावलाय. मॉडर्न.
तिथं घुंगरू नाहीत, देव नाही.
सर म्हणाले, घरातली एक हालचाल घेऊन या.
कुणी कणीक मळणं आणलं, कुणी खिडकी पुसणं.
अक्कानं हे आणलं.

फोनमधे लाकडी जमीन, रिकामी खोली,
माझी बहीण मांडी घालून. मांडीवर सूप नाही.
नसलेल्या कात्रीनं नसलेल्या फर्म्यावर कापते,
भरते, वळते, दोरा, टोक,
भरते, वळते, दोरा, टोक,
मग तेच उभं राहून, खांद्यातून,
मग पाठीतून,
मग कुणीतरी अक्कालाच वळत होतं
आणि टोकं दाबत होतं.
नेट अडकलं.
टाळ्या उशिरा आल्या, तोंडं न हलता.

मला राग आला होता. का ते सांगता येत नाही.
हजारातल्या चारशे तर माझ्या असतात.

अम्मानं सूप खाली ठेवलं.
हे ती जेवताना करते, नाहीतर लाईट गेल्यावर.
म्हणाली, स्रवंती, दोरा दोनच वेढे.
तू तीन घेतेस. विडी आवळते, ओढत नाही.
चेकर छाट काढतो.
परत कर.

अक्कानं परत केलं.
डावा हात बघ, अम्मा म्हणाली. परत.

बारा वाजले. पानं वाळायला लागली.
मी फडकं ओलं करून आणलं,
फोन तांब्याला टेकवला
आणि दोन्ही हात मोकळे सोडून बसले.
सुपात अजून दोनशे कमी होत्या.